खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठते

मी जात्याच भित्री आहे. पाल, लिफ्ट, अनोळखी नंबर, कुकरची वेळेवर न झालेली शिट्टी, मला कशाचीही भीती वाटते. आमचे हे म्हणतात, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस खरा, पण तुझ्यामागे धावून तोसुद्धा दमला असेल." म्हणू देत. त्या भीतीची मला सवय आहे. सोजरआक्कांची आठवण झाली की जी वाटते ती मात्र वेगळी. ती मी केलेल्या एका गोष्टीची आहे, आणि ती गोष्ट मी भीतीपोटीच केली.

सोजरआक्का आमच्या मागच्या भिंतीपलीकडच्या. गंगापूर रोडवरून आत वळलं की आमची रो-हाऊसेस लागतात, आणि त्यांच्या पाठीशी त्यांचं वीसेक गुंठ्यांचं रान. तिन्ही बाजूंनी बिल्डिंगी उठलेल्या आणि मध्ये हा झेंडू-शेवंतीचा तुकडा, कठडा नसलेली विहीर आणि एक पत्र्याची खोली. आक्का तिथं एकट्या राहायच्या. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी बाई. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, पाय कायम अनवाणी. आवाज मात्र असा, की भिंतीपलीकडून "काय गं ताई" म्हणाल्या की माझ्या हातातला चमचा पडायचा.

त्यांचा मुलगा रामदास शहरातच, द्वारका चौकात राहतो. स्पेअर पार्टचं दुकान खाली, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. माणूस चांगला. दर रविवारी गाडीवरून यायचा, आईसाठी काहीतरी खायला आणायचा आणि जाताना एकच वाक्य बोलायचा, "आई, आता चल."

आक्का म्हणायच्या, "दसऱ्याचा झेंडू होऊ दे."

झेंडू झाला की शेवंती होऊ दे. शेवंती झाली की काळी कोंबडी खुडूक बसलीय, तिची पिल्लं निघू दे. पिल्लं निघाली की ती हाताशी येऊ दे. आक्कांकडं कायम काहीतरी व्हायचं राहिलेलं असायचं. मला वाटायचं, म्हातारी हट्टी आहे, दुसरं काय!

आमची ओळख झाली तीही माझ्या भीतीमुळंच. हे तेव्हा सुरगाण्याला बदलीवर होते. तिथून येताना जीपमधून चार गावठी कोंबड्या घेऊन आले. म्हणे, घरची अंडी खाऊ. ह्यांचं काय जातंय, सोमवारी पुन्हा सुरगाण्याला! कोंबड्या माझ्या गळ्यात. दोन महिने बऱ्या चालल्या आणि एके दिवशी त्यातली तांबडी कोपऱ्यात जी बसली ती उठेचना. अंडं नाही, दाण्याकडं बघणं नाही. पिसं फुगवलेली, तुरा फिका पडलेला, डोळे कुठंतरी लागलेले. त्याच आठवड्यात टीव्हीवर बर्ड फ्लूची बातमी. झालं! मी तोंडाला ओढणी बांधली, हातात भांडी घासायचे रबरी मोजे चढवले आणि कुणाला फोन करायचा ते शोधत बसले. मनात सगळं घडूनही गेलं होतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, कोंबड्या पोत्यात भरल्या, आख्खी गल्ली माझ्या नावानं बोटं मोडतेय.

"काय गं ताई, कुणाशी बोलतीस?" भिंतीपलीकडून आवाज.

मी सांगितलं, माझी कोंबडी मरतेय.

"आवाज काढती का?"

"जवळ गेलं की काढते. क्लक... क्लक... असा. आणि टोचायला येते."

"पिसं फुलवून?"

"हो."

आक्का हसल्या. "अगं येडे, मरणारी टोचंल कशाला? भिंतीवरनं दे इकडं."

मी मोजे घातलेल्या हातांनी तांबडीला उचललं, तिनं मला तीनदा टोचलं, आणि भिंतीवरून पलीकडं दिली. आक्कांनी तिला काखेत धरलं, तळवा तिच्या पोटाखाली सरकवला आणि माझा हात ओढून तिथंच ठेवला. मोजा काढायला लावून. पोटाखालची पिसं झडलेली होती आणि ती उघडी कातडी तापलेल्या तव्याजवळ हात न्यावा तशी लागत होती.

"ताप आलाय," मी म्हणाले.

"ताप नाय. ऊब हाय. खुडूक बसलीय तुझी कोंबडी, अंडी उबवायला. आजारी कोंबडीचं पोट गार पडतं, मान गळती, शेपूट खाली जातं. आन् एक लक्षात ठेव." आक्कांनी बोट वर केलं. पुढं हे बोट मी शेकडो वेळा पाहिलं. "खुडूक कोंबडी दिवसातनं एकदा उठतीच. उठंल, ढीगभर घाण करंल, चार दाणं टिपंल, मातीत लोळंल, पाणी पिईल, आन् पुन्यांदा जाऊन बसंल. जी उठतच नाय, ती खुडूक नाय. तिची आशा सोडायची."

मी दुसऱ्या दिवशी स्टूल टाकून तांबडीसमोर बसले. अकरा वाजता ती उठली. मला इतका आनंद झाला की मी ह्यांना ऑफिसात फोन करून सांगितलं. ह्यांनी विचारलं, "कोण उठलं?"

तेव्हापासून माझं भिंतीपलीकडं जाणं सुरू झालं. मधली एक वीट निखळली होती, तिथं पाय ठेवून मी चढायचे. पन्नाशीच्या बाईनं भिंत चढून जायचं म्हणजे शेजारणींना विषय मिळाला. मिळू दे.

आक्का कोंबड्यांशी बोलायच्या ते लाडानं नव्हे, कामाचं. वैशाखात कुणी खुडूक बसली की तिचं बसणं मोडायच्या. उन्हाळ्यात अंडी टिकत नाहीत, कोंबडी उपाशी बसून वाळते. "बाई गं, हे दिवस नव्हं तुझं," म्हणायच्या आणि तिला टोमॅटोच्या जाळीदार क्रेटमध्ये घालून ते क्रेट चार विटांवर ठेवायच्या. वरून झाकण, आत पाणी आणि दाणा, शेजारी झाडाची सावली. पोटाखालून वारा गेला की ऊब मोडते. तीन दिवसांत कोंबडी ताळ्यावर. काही लोक कोंबडीच्या नाकात पीस खुपसतात, कुणी बादलीत बुचकळतात. त्यांचं नाव काढलं की आक्का भडकायच्या. "त्यांच्या नाकात खुपसा म्हणावं काडी! तिचा गुन्हा काय? बसायचं मन झालं एवढाच ना?"

बसवायचं असलं तर मग सगळं साग्रसंगीत. अंडी विषम, अकरा नाहीतर तेरा. अमावस्या टाळायची. द्राक्षाचं जुनं लाकडी खोकं आडवं ठेवून तोंडाला गोणपाटाचा पडदा, आत भाताचा पेंढा. आणि अंड्यांच्या कडेनं गोल ठेवलेली लोखंडी साखळी. बैल होते तेव्हाची. वीज कडाडली की अंड्यातलं पिल्लू दचकून मरतं, पण लोखंड असलं की वीज त्याला भिते, असं आक्कांचं म्हणणं. मी हसले तर म्हणाल्या, "तू येवढ्या गोष्टींना भितीस, मी एका विजेला भिले तर काय बिघडलं?" रोज हात घालून अंडी चाचपायच्या, शेवटी बोटांनी साखळी लागली की म्हणायच्या, "हाय बया, जागेवर हाय."

मला शिकवायची त्यांची पद्धत मला फार आवडायची. सातव्या दिवशी अंडी उजेडावर धरून बघायची असतात. आत लाल शिरांची जाळी दिसली तर जीव धरलाय, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर वांझ. खोलीचं दार लावून मी मोबाईलचा टॉर्च लावायची आणि आक्का अंडं त्यावर धरायच्या. "मी नाय सांगणार. तू सांग काय दिसतं. आसंच शिकायचं असतं." मी सांगायची. त्या "बरोबर" म्हणायच्या. मला वाटायचं, काय गुरू मिळालाय! आपल्याला येतं ते दाखवायचं नाही, समोरच्याकडून वदवून घ्यायचं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. काळी कोंबडी तेरा अंड्यांवर बसलेली. सातवा दिवस. मी टॉर्च लावला, एकेक अंडं पाहिलं, एक वांझ निघालं ते बाजूला काढलं. शेवटचं अंडं आक्कांनी धरलं आणि तेवढ्यात माझ्या मोबाईलची बॅटरी संपली. मिट्ट काळोख. मी "अगंबाई" म्हणणार, तोच आक्का म्हणाल्या,

"हां. ह्यात बघ जाळी कशी दिसती, लाल लाल. झकास जीव धरलाय. हाय ना?"

त्या काळोखात आक्का अंडं धरून तशाच उभ्या होत्या, माझ्या "हो"ची वाट बघत.

"आक्का," मी म्हणाले, "टॉर्च बंद पडलाय."

त्यांनी अंडं हळूच पेंढ्यात ठेवलं, चाचपत दाराकडं गेल्या, दार उघडलं. उजेड आत आला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच फरक पडला नाही. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं.

काचबिंदू. दोन वर्षांपूर्वी एका मोफत शिबिरात एकट्या जाऊन तपासून आल्या होत्या. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, उरलेली टिकवायला थेंब दिले. थेंब पिठाच्या डब्यामागं लपवलेले. आता डाव्यानं काही नाही आणि उजव्यानं सकाळच्या उन्हात माणूस आहे की झाड आहे एवढं कळतं. मग मला एकेक उलगडत गेलं. अनवाणी का, तर पायाच्या बोटाखाली ठिबकची नळी धरून चालायच्या. एक नळी विहिरीकडं, एक खोलीकडं, एक माझ्या भिंतीकडं. आणि मी कौतुक करत होते, मातीशी नातं म्हणून!

"रामदासला कळलं तर उद्याच्याला नेऊन टाकंल," आक्का म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर. तिथं माझ्या पायाला कायबी वळखू येणार नाय. हितं मी आंधळी नाय गं. तिथं गेले की होईन." त्यांनी माझा हात धरला. "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

मी शपथ घेतली. आणि तिथून माझे हाल सुरू झाले. भिंतीपलीकडं जरा आवाज आला नाही की मी विटेवर चढून बघायची. त्या विहिरीकडं निघाल्या की मी जागच्या जागी पदर पिळायची. बादली पडल्याचा आवाज आला की मी हातातलं टाकून पळायची. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मुलाला सांग." सांगू कसं? गळ्याची शपथ! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि आक्का मात्र होत्या तशाच. मलाच ओरडायच्या, "माझ्यामागं फिरू नको गं सारखी. कोंबडीनं पिलामागं फिरावं तशी फिरतीस. माझी वाट चुकती तुझ्यामुळं."

सोळावा दिवस असेल. काळी रोज अकराला उठायची, त्या वेळी मी जायची. ती उठून बाहेर मातीत गेली. मी पडदा वर करून बघते तर एक अंडं फुटलेलं, पेंढा ओला, घाण वास. आक्का शेवंतीत होत्या. मी चटाचट सगळं बाहेर काढलं, नवा पेंढा घातला, अकरा अंडी परत मांडली. ती साखळी हातात आली. गंजलेली, चिकट झालेली. मनात म्हटलं, हिच्यामुळंच अंडं फुटलं असणार, आणि धनुर्वात व्हायचा एखाद्याला. ती मी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. घाण पेंढा टाकायला रानाच्या टोकाला गेले. तिथं फोन आला, दहा मिनिटं बोलत राहिले. आक्कांना सांगायचं राहून गेलं. सांगायचं एवढंच होतं, की साखळी काढलीय.

परत आले तर आक्का खोक्यासमोर उकिडव्या बसलेल्या. उजवा हात कोपरापर्यंत पडद्याआत.

"पेंढा बदललास व्हय? बरं केलंस," त्या म्हणाल्या. "साखळी आज लय गार लागती."

साखळी माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर होती.

मी खोक्याकडं पाहिलं. फळ्यांच्या फटींतून ऊन आत जात होतं. आत, अंड्यांच्या कडेनं, जिथं साखळी असायची तिथं काहीतरी होतं. ते हललं. फार नाही. श्वास घेतल्यासारखं.

मला ओरडायचं होतं. आयुष्यभर मी नसलेल्या गोष्टींना भ्याले, आणि खरी गोष्ट समोर आली तर माझ्यानं साधं "आक्का" म्हणवेना.

काळी दारात येऊन उभी राहिली. आत येईना. मानेची पिसं ताठ, आणि घशातून एक लांबलेला कर्र आवाज. खुडूक कोंबडीचा नव्हे. तसा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

आक्कांची मान कलली. "ही आशी का बोलती?"

हात तिथंच होता. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "ताई. साखळी कुठं हाय?"

"भिंतीवर," मी म्हणाले. कशी म्हणाले देव जाणे.

"गोल बसलंय?"

"हो."

"तोंड कुणीकडं?"

"दिसत नाही आक्का. दिसत नाही मला."

"मंग हालू नको. बोलू नको. काळीला आत येऊ देऊ नको."

मी काळीला उचललं आणि छातीशी धरलं. ती मला टोचत होती, मला काही लागत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. समोरच्या बिल्डिंगीत कुणीतरी गालिचा झटकत होतं, तो धप्प-धप्प आवाज येत होता. आक्का इतक्या स्थिर होत्या की त्यांच्या गालावर माशी बसली तरी पापणी लवली नाही. आतमध्ये काहीतरी सरकत होतं, थांबत होतं, परत सरकत होतं. एकदा आक्कांचे ओठ हलले. देवाचं नाव घेत असतील. मग फळ्यांच्या मागच्या फटीतून ते बाहेर आलं, लांबच लांब, आणि बारदानाच्या ढिगाखाली गेलं. शेपटी दिसेनाशी झाली तरी आक्कांनी हात लगेच काढला नाही. मी "गेलं" म्हणाले, तेव्हा काढला. मुंगीच्या पावलानं.

मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं मोजायला लागल्या. अंगठा, पहिलं, दुसरं, तिसरं, करंगळी. पुन्हा अंगठ्यापासून. मी पाणी दिलं तरी मोजणं चालूच. सोजरआक्कांना मी भ्यालेलं पाहिलं ते त्या एकाच वेळी.

"धामण असंल," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "धामण काय करत नाय. अंडी किती ऱ्हायली बघ."

दहा होती. ती धामण होती की नाग, मला आजपर्यंत माहीत नाही. मी डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि मला काहीच दिसलं नाही, हे कुणाला सांगू?

"रामदासला बोलायचं नाय," आक्का म्हणाल्या.

"नाही आक्का."

आणि मी पळाले. भिंत चढून घरी आले, दारं-खिडक्या लावल्या आणि रडले. साखळी मी काढली होती. आज त्यांना काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं, आणि उद्या झालं तर ते माझ्या गप्प बसण्यानं होईल. दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. चपाती लाटताना पोळपाटाच्या कडेला मला ते गोल दिसायचं.

रविवारी रामदास आला. आईकडं जाण्याआधी माझ्याच मागच्या दारी आला. हातात वेफर्सचा पुडा.

"ताई, एक विचारू का? तुम्ही रोज असता. मागच्या वेळी मी समोर उभा होतो आणि आई शेजारी बघून बोलत होती. आईला दिसतं ना नीट?"

मला "हो" म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं त्यासाठी.

"नाही दिसत," मी म्हणाले. "अजिबात दिसत नाही. खोलीत साप आहे. त्यांना घेऊन जा."

रामदासचा चेहरा उतरला. आणि त्याच क्षणी मला ऐकू आलं, की मागच्या भिंतीपलीकडं ठिबकचा कॉक बंद झाला. पाण्याचा बारीक आवाज चालू होता तो थांबला. भिंतीपलीकडच्या कोंबडीचं पोट गरम आहे की गार हे नुसत्या आवाजावरून ओळखणारी बाई. तिनं शब्द न् शब्द ऐकला होता.

त्या संध्याकाळच्या आतच सामान बांधून झालं. आक्का भांडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. जाण्याआधी भिंतीपाशी आल्या. काळीला त्यांनी डालग्यात घातलं होतं, दहा अंडी फडक्यात गुंडाळून टोपलीत. दोन्ही भिंतीवरून माझ्याकडं दिलं.

"भ्यालीस व्हय," म्हणाल्या.

"हो आक्का."

"तीन दिस ऱ्हायलेत. हात घालायच्या आधी तिचा आवाज ऐकत जा. मी त्या दिशी ऐकला नाय, म्हणून तसं झालं."

"साखळी मी काढली होती आक्का."

"ठावं हाय." त्यांचा हात भिंतीवरून माझा हात शोधत आला, क्षणभर माझ्या मनगटावर थांबला. मग त्या वळल्या. पायाखालची नळी चाचपत रामदासच्या गाडीपर्यंत स्वतः चालत गेल्या. त्यानं हात दिला तो त्यांनी घेतला नाही. तिथपर्यंत नळी होती.

मला भेटायला जायचा धीर होत नव्हता. दिवाळी झाली, संक्रांत झाली. तिकडं रानाला पत्र्याचं कुंपण पडलं. शेवटी माघ संपता संपता गेले. द्वारकेचा तो चौक, हॉर्नचा गोंधळ, तीन जिने. दार सुनेनं उघडलं. गोड मुलगी आहे. घर आरशासारखं लख्ख.

"आईंचा काही त्रास नाही हो," ती चहा ओतताना म्हणाली. "इतक्या शहाण्यासारख्या राहतात! सकाळी बाल्कनीत खुर्चीत बसवलं की संध्याकाळपर्यंत जागच्या हलत नाहीत. जेवायलासुद्धा मीच ताट तिथं नेऊन देते. उठायचं नावच नाही."

मी कप तसाच ठेवून उठले.

आक्का बाल्कनीत होत्या. धुतलेलं लुगडं, पायात मऊ चपला. मी उंबऱ्याशी पोचायच्या आत म्हणाल्या, "ये ताई. भिंत चढून आलीस का जिन्यानं?"

मी हसले. त्याही थोड्या हसल्या. मी शेजारी बसले.

"किती निघाली?"

"नऊ."

"धा होती."

"एक गेलं आक्का. टरफल फोडलं होतं, पण बाहेर नाही आलं."

"तू सोडवायला गेली नाहीस ना?"

"भ्याले. हात लावला नाही."

"बरं केलंस. त्याचं त्यालाच यावं लागतं." थोडं थांबून, "आता कोण बसलंय?"

"तांबडी बसलीय, बहुतेक. पण मला खात्री नाही. सारखं वाटतं आजारी असेल."

"उठती का?"

"अं?"

"तांबडी. दिवसातनं एकदा उठती का?"

"उठते. अकरा वाजता."

"मंग भिऊ नको," आक्का म्हणाल्या, आणि चेहरा चौकाच्या आवाजाकडं केला. मला वाटलं त्या अजून काही विचारतील, विहिरीचं, शेवंतीचं, कुंपणाचं. त्यांनी विचारलं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. गार होता. माघातली थंडी आहे, मी स्वतःला सांगितलं.

दाराशी सुनेला म्हणाले, "त्यांना दिवसातून एकदा तरी खाली नेत जा. मातीत चालवा. अनवाणी."

"नको हो," ती म्हणाली. "पडल्या-बिडल्या तर? आम्हाला फार भीती वाटते. तुम्हीच तर सांगितलं ना ह्यांना, किती धोका होता ते."

मी चपला घातल्या. ती भीती माझी होती, मीच आणून त्यांच्या घरात ठेवली होती आणि आता ती सगळ्यांना पुरत होती.

खाली आले. समोरच्या टायरच्या दुकानाशी उभी राहून वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची दिसत होती, पांढरं डोकं दिसत होतं, आणि खुर्चीच्या कडेनं खाली सोडलेला उजवा हात. तळवा वर केलेला, बोटं जराशी वाकलेली, कोंबडीच्या पोटाखाली सरकवायच्या बेतात असल्यासारखी. अकरा वाजायला आले होते. मी ठरवलं, थांबायचं. टायरवाल्यानं दोनदा विचारलं, "मॅडम, काय पाहिजे?" मी म्हणाले, "काही नाही, वाट बघतेय."

साडेअकरा झाले. बारा झाले. ऊन त्यांच्या खुर्चीवरून सरकून भिंतीवर गेलं.

आक्का उठल्या नाहीत.